तांबड्याची खांदेमळणी

५६ ए.पी.ओ. मार्फत
१२ मे २०२५

आत्या,

इतक्या लांबून पाया पडतो, तू तिथूनच डोक्यावर हात ठेव. सुट्टी संपवून परवा फौजेच्या पोस्टवर पोचलो. इथं महिन्यातून एकदा दोन मिनिटं फोन मिळतो आणि त्यात तू "जेवलास का, थंडी लई हाय का" एवढंच विचारतेस. तेही इतक्या मोठ्यानं, की माझ्यामागं रांगेत उभे असलेले सगळे "जेवलो, जेवलो" म्हणून उत्तर देतात. म्हणून कामाचं पत्रात लिहितो.

काम म्हणजे तुझ्या गोठ्यात उभी केलेली माझी एटीव्ही. तू रागावली आहेस, ठाऊक आहे. सुट्टीचे चार दिवस उरलेले असताना म्हैसमाळच्या पर्यटकांच्या बंद पडलेल्या कॅम्पवरून जुनी चार चाकांची बाईक उचलायची, लासूर स्टेशनला आमच्या गल्लीत ठेवायला जागा नाही म्हणून दौलताबादला आत्याच्या रिकाम्या गोठ्यात ढकलायची आणि आपण गाडी पकडून निघून जायचं, हे शहाण्याचं काम नाही. पण आत्या, मी वर्षभर वर्कशॉपमध्ये बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करतो. सगळ्या सरकारच्या, सगळ्या हुकमानं चालणाऱ्या. एकदा तरी आपली अशी गाडी असावी की जिच्यावर बसून कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं मजेत फिरायचं, असं फार वाटत होतं.

आता पावसाळ्याचं. जूनच्या आत गाडी धुऊन दोन दिवस उन्हात वाळव. टाकी काठोकाठ भर, रिकामी टाकी आतून गंजते. मल्हारीकाकांना पहार लावायला सांगून चारी बाजूंनी विटांवर चढव, म्हणजे चाकं अधांतरी राहतील आणि टायर बसणार नाहीत. वर सुती चादर टाक, प्लास्टिक नको, आत ओल धरते. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंब, नाहीतर उंदरं संसार थाटतील. आणि दर रविवारी चिंधी काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. किल्ली फिरवायची, डाव्या मुठीजवळचं लाल बटण वर करायचं आणि काळं दाबायचं. लाल बटण खाली राहिलं तर काळं दिवसभर दाबलंस तरी गाडी मुकीच राहील.

वर बसायचं मात्र नाही. डॉक्टरांनी तुला ओटासुद्धा जपून चढायला सांगितलंय.

तुझा,
शिवराज


दौलताबाद
३० मे २०२५

शिवा,

खुशाल राहा, अंगभर कपडे घालत जा. पत्र पोचलं. सातवी शिकले त्याचा फायदा आत्ता झाला. नायतर तुझं हे पुराण दुसऱ्याकून वाचून घ्यावं लागलं असतं, अन् द्वारकाबाईचा भाचा येडा झाला हे गावभर झालं असतं. तसं ते झालंच हाय. किल्ला बघायला येणारे लोक रस्त्यावर माह्याकून पेरू घ्यायला थांबतात, तर त्यांची पोरं गोठ्यात डोकवून म्हणतात, आजी, एक राऊंड कितीला?

तू सांगितलं तसं सगळं केलं. मल्हारीनं पहार लावली, मी विटा सरकवल्या. मल्हारी म्हणला, "आक्का, मी पावसाच्या आधी मेंढ्यांची खुरं बघतो तसंच हाय की हे." त्याला बी कौतुक. मला नाय. तो बैलांचा गोठा हाय, शिवा. हे गेले त्याला सहा साल झाले, त्यांच्या मागं बैलजोडी गेली. दावण रिकामी बघायची सवय झाली होती, आता सकाळी दार उघडलं की तुझं ते तांबडं धूड माह्याकडं डोळे वटारून बघतंय.

गुडघ्याचं इचारू नको. वरच्या टेकडीवरची सीताफळं, जी मी अन् ह्यांनी डोक्यावर पाणी वाहून जगवली, ती तीन साल झाले मी डोळ्यानं बघितली नाय. मल्हारी मेंढ्या घेऊन वर जातो अन् येऊन सांगतो, "आक्का, झाडं चांगली हायेत." चांगली म्हंजी कशी, ते काय त्याला सांगता येत नाय. त्याला मेंढ्यातलं कळतं.

दर रविवारी धूड चालू करीन. तुह्यासाठी करीन, त्याच्यासाठी नाय.

तुझी आत्या,
द्वारकाबाई


५६ ए.पी.ओ. मार्फत
१७ जून २०२५

आत्या,

पत्र वाचून वाईट वाटलं. माझ्या हौसेची जिम्मेदारी तुझ्या गळ्यात टाकली, ती पण बैलांच्या जागी. हे मला सुचायला हवं होतं.

एक मार्ग आहे. खुलताबाद रस्त्यावर सर्जेराव म्हणून एकजण आहेत. इतके दिवस मंगल कार्यालय चालवायचे, आता पर्यटकांसाठी कॅम्प काढतायत. त्यांना एक जुनी एटीव्ही हवी आहे. पाऊस उतरला की ते येऊन बघतील आणि घेऊन जातील. तोवर तीन महिने कळ काढ. गोठा तुझा तुला मोकळा होईल.

मी पुन्हा कधीतरी घेईन. निवृत्त झाल्यावर वगैरे. तुला त्रास देऊन हौस नको.

इथं उलटा हंगाम चालू आहे. तुमच्याकडे गाड्या झाकायची वेळ, आमच्याकडे बर्फ मागं हटलाय, स्कूटर आत घेऊन उघडायच्या. पट्टे काढायचे, धुवायचे, ग्रीस बदलायचं. हात दिवसभर काळे असतात.

शिवराज


दौलताबाद
१४ जुलै २०२५

शिवा,

तुझं पत्र आलं. इकायची एवढी काय घाई हाय? मी आपलं एक बोलले, तू लगेच गिऱ्हाईक बघितलं. तुह्या बापासारखाच हायेस, लहानपणी मी म्हणलं ही बाहुली मळली तर त्यानं आडात टाकली होती.

धूड बरं हाय. दर रविवारी चालू करते. बुधवारी बी करते, एकच वार धरला तर त्याला सवय लागंल. आवाज चांगला देतंय.

काही गोष्टी इचारायच्या होत्या. मल्हारी इचारतोय, मला काय करायच्यात. एक, उभ्या गाडीला पेट्रोल किती लागतं? निम्मी टाकी झाली. दोन, टायरच्या खाचांत काळी माती बसली की ती काडीनं काढावी का पाण्यानं? तीन, चढावर गाडी मागं वढायला लागली तर अंगठ्याचा पळवायचा खटका आणखी दाबावा का सोडावा? मल्हारी आपला उगं इचारतो, त्याला लई चौकशा.

विटा मी परसातल्या चुलीला लावल्या. चांगल्या भाजलेल्या होत्या. तांबड्याखाली आता काय गरज नाय, जमीन कोरडी हाय.

एक सांगायचं राहिलं. टेकडीवरची सगळ्यात वरची रांग आहे ना, ओढ्याकडची, तिच्यात तीन झाडांना मिलीबग लागलाय. पांढरा कापूस धरल्यावाणी. बाकीची फुलोऱ्यावर हायेत, लई छान दिसतात सकाळी. मल्हारीनं सांगितलं.

आत्या


५६ ए.पी.ओ. मार्फत
४ ऑगस्ट २०२५

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. मग वर्कशॉपमधल्या उस्तादांना वाचून दाखवलं. ते पंजाबी आहेत, मी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, तुझे हे मल्हारीकाका भारी माणूस दिसतात.

मल्हारीकाकांच्या शंकांची उत्तरं देतो, त्यांना नीट समजावून सांग. उभ्या गाडीला रविवारी दहा मिनिटं चालू ठेवायला निम्मी टाकी लागत नाही. माती पाण्यानंच काढावी, पण पाण्याची धार चाकाच्या मधल्या भागावर मारू नये. चढाला लागण्याआधीच हळू गिअर टाकावा, अंग पुढं झुकवावं, खटका एकसारखा दाबून ठेवावा. मध्येच सोडला तर गाडी मागं येते. उतारावर अंग मागं. आडव्या उतारावरून वळवू नये, गाडी पालथी होते. पायात चप्पल नको, बूट. माझं हेल्मेट गोठ्यात खुंटीला आहे, ते घातल्याशिवाय काकांनी किल्लीला हात लावू नये.

आणि त्यांना म्हणावं, बसण्याआधी पदर नीट खोचून घ्यायचा. चाकात जातो.

ज्या मल्हारीकाकांना आजवर झाडांची "चांगली" याच्यापुढं खबर देता आली नाही, त्यांना एकदम ओढ्याकडच्या रांगेतला मिलीबग दिसायला लागला, याचं मला फार कौतुक वाटलं.

सर्जेराव दसऱ्याच्या सुमारास येतील. तोवर काकांची हौस फिटू दे. जपून.

शिवराज


दौलताबाद
२८ ऑगस्ट २०२५

शिवा,

जास्त हुशारी करू नको. पदराचं वाचलं मी.

पोळा झाला. तुला खरं सांगते. सहा साल झाले मी पोळ्याला दुसऱ्याच्या दारात ताट घेऊन जाते, दुसऱ्याचे बैल ओवाळते अन् घरी येऊन एकटीच पुरणपोळी गिळते. औंदा म्हणलं, गोठ्यात कोणीतरी उभं हाय. मंग आदल्या दिवशी तांबड्याला धुतला, पुसला अन् खांदेमळणी केली. कोमट पाणी, तूप, हळद. बैलाचा खांदा म्हंजी जिथं त्याला भार पडतो ती जागा. ह्याचा भार कुठं पडतो? पुढच्या दोन चाकांवर. चाकाच्या आत एक चकचकीत थाळी हाय बघ, तिच्यावर हातानं चोळून चोळून तूप लावलं, दोन्हीकून. मागच्या चाकाला बी लावलं, तो कशाला रुसंल. अन् रितीपरमाणं म्हणलं, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये." एकटीच होते, मोठ्यानं म्हणलं. लई दिसांनी बरं वाटलं.

पोळ्याच्या दिवशी मल्हारी त्याला मारुतीच्या पाराकडं घेऊन निघाला. झेंडूचा हार, शिंगाला गोंडे, म्हंजी आरशाला. तर वेशीजवळच्या उतारावर ब्रेक लागंना. हाताचा नाय, पायाचा नाय. तूप बाप्पा, थाळी नुसती गरगर फिरती. गाडी सरळ पोलीस पाटलाच्या कडब्याच्या गंजीत. अर्धी गंजी अंगावर. लोकांनी बाहेर काढलं. कोणाला काय झालं नाय, कोपर तेवढं सोलवटलं माझं.

माझं म्हंजी मल्हारीचं.

बरं, माझंच. मल्हारी तर म्होरं मेंढरं हाकलत होता.

आता इचारायचं हे की थाळीवरचं तूप कशानं निघतं? शिकेकाईनं निघंना. राखेनं थाळी चकचकीत झाली पण ब्रेक दाबला की करपल्या तुपाचा वास येतो अन् गाडी थांबायचं नाव घेत नाय.

आत्या


५६ ए.पी.ओ. मार्फत
१३ सप्टेंबर २०२५

आत्या,

पत्र वाचलं तेव्हा आधी हसलो, मग पुन्हा वाचलं. गंजी होती म्हणून वाचलीस. त्या उताराच्या खाली रस्ता आहे, सहलीच्या बसगाड्या जातात. तुला काही झालं असतं तर मी लासूरला बाबांना काय तोंड दाखवणार होतो? गाडी मी आणली, गोठ्यात मी ठेवली, चालू करायला मी शिकवली. इथं रोज बर्फात फिरतो त्याची भीती वाटत नाही मला. तुझ्या पत्राची वाटली.

तूप नुसत्या थाळीवर नाही. थाळीला दोन बाजूंनी चिमटा धरतो, त्याच्या आत दोन चपट्या वड्या असतात, ब्रेक पॅड म्हणतात. तूप त्यांनी पिऊन घेतलंय. त्या कशानंही धुऊन निघत नाहीत. नव्याच घालाव्या लागतात. त्या घातल्याशिवाय गाडी एक हात पण हलवायची नाही.

आणि त्या घालायची तू तसदी घेऊ नको. मी सर्जेरावांना पत्र टाकलंय, ब्रेकचं सगळं कळवलंय. दसऱ्याला येऊन घेऊन जा म्हटलं, दुरुस्ती ते करून घेतील. तुझ्यावर रागावलो नाही. पण मला इथं झोप लागली पाहिजे.

कोपराला हळद लाव. उरली असेल तर.

शिवराज


दौलताबाद
४ ऑक्टोबर २०२५

शिवा,

दसऱ्याचं सोनं पत्रात ठेवलंय, आपट्याची दोन पानं. चुरा झाला तरी सोनं समज.

तुझे सर्जेराव काल आले होते. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बरोबर टेम्पो. मी चहा दिला, पेरू दिले. मंग गाडी दाखवली. तर काय सांगू, गाडी चालूच होईना. किल्ली फिरवली, काळं बटण दाबलं, काय नाय. पुन्हा दाबलं. मिशा घामानं ओल्या झाल्या बिचाऱ्याच्या. बाजारात बैल उठंना तर शेपटी पिळतात तसं त्यानं मुठी पिळल्या. मला म्हणला, "बाई, ब्रेकचं सांगितलं होतं, हे नव्हतं सांगितलं. ब्रेकशिवाय गाडी घेईन, पण इंजिनाशिवाय काय कॅम्पात तुळशी लावू?" अन् रिकामा टेम्पो घेऊन गेला. मला लई वाईट वाटलं.

मुठींवर दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा हार होता. तो हार काढा म्हणला. मी म्हणलं, पूजेचा हार हाय, आपोआप सुकून पडंपर्यंत हात लावायचा नाय, आमच्यात चालत नाय.

पावसात इंजिनात ओल गेली असंल. जुनी गाडी, भरवसा काय.

आत्या


५६ ए.पी.ओ. मार्फत
१५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हाराखाली लाल बटण.

सर्जेरावांना मी कळवू, का तू सांगतेस?

शिवराज


दौलताबाद
२६ ऑक्टोबर २०२५

शिवा,

व्हय. हाराखाली लाल बटण. खाली केलेलं. मीच केलं, अन् वरून हार बी मीच घातला, दोन पदरी.

तुझं दोन ओळीचं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. सगळी दिवाळी त्या दोन ओळींसंगं काढली. साठीला आले अन् एका परक्या माणसाला दारात चहा पाजून फसवलं. तो गेल्यावर मी हसले, मंग माझी मलाच लाज वाटली. आता खरं लिहिते, मधे मल्हारीला आणत नाय.

जूनच्या दुसऱ्या रविवारी गाडी चालू केली, दहा मिनिटं उभी राहून कंटाळले, म्हणून बसले. नुसती बसले. गुडघ्याला आराम म्हणून. मंग अंगठा खटक्यावर ठेवून बघितला. चाकं अधांतरी फिरली अन् मला एवढं हसू आलं की इचारू नको. दुसऱ्या दिशी विटा काढल्या. आठ दिवस गोठ्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून गोठ्यापर्यंत. राजाबाई, मल्हारीची आई, ओट्यावर बसून बघायची अन् म्हणायची, आता डावीकून घे, आता उजवीकून. ती जन्मात सायकलवर बसली नाय.

अन् एक दिवस टेकडीवर गेले.

शिवा, तीन साल मी त्या टेकडीकडं खालून बघायची. डॉक्टर म्हणला होता, बाई आता ते इसरा. लोक म्हणायचे, बसून खा. मी ओट्यावर बसून पेरू इकायची अन् वर बघायची. कोणतं झाड हाय कोणतं वाळलं, खालून काय कळतंय? त्या दिशी वर पोचले तर ओढ्याकडच्या रांगेतली तीन झाडं आजारी, अन् बाकीची मी सोडली त्यापेक्षा वीतभर उंच. ह्यांच्या हातचं पहिलं झाड, ते वाकडं, तुला लहानपणी ज्याच्यावर बसवलं होतं, ते हाय. मी गाडीवरून उतरले नाय, उतरायची भीती, चढता आलं नाय तर. गाडीवर बसूनच त्याच्या पानाला हात लावला. मंग रोज गेले. मिलीबग हातानं पुसून काढला, निंबाचं पाणी फवारलं. औंदा त्या तीन झाडांना बी फळं लागली.

पॅड बदलले. जुने काढून फडक्यात बांधले, बसनं औरंगाबादला गेले, गॅरेजवाल्या मुसलमान पोराच्या पुढ्यात ठेवले. त्यानं नाकाला लावले अन् म्हणला, "खाला, इसमें घी किसने डाला?" मी म्हणलं, मीच. तो लई वेळ हसला, मंग नवे दिले अन् बसवायचे कसे ते दोनदा दाखवलं. घरी येऊन मी बसवले, मल्हारीनं चाक धरलं. विहिरीजवळ शंभर येळा दाबून बघितले. थांबतो आता तांबड्या, जागच्या जागी थांबतो.

मला हा पाहिजे. हे मी जुलैच्या पत्रातच लिहायला पाहिजे होतं, पण आधी एवढी नावं ठेवली की मंग तोंड उघडंना. तरी गाडी तुही हाय. तुला झोप लागत नसंल तर तसं लिही, मी सर्जेरावाला माफी मागून बोलवीन अन् लाल बटण माह्या हातानं वर करून देईन. मंग टेकडी खालूनच बघीन. बघितली हायेच तीन साल.

आत्या


५६ ए.पी.ओ. मार्फत
८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी पहिला मोठा बर्फ पडला. रात्रभर विचार केला आणि एक जुनी गोष्ट आठवली, जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

इथं आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मला एक स्कूटर दिली होती. तिचा खटका कडक चालायचा. आईनं डब्यात खोबरेल दिलं होतं. घरी आपण सायकलच्या केबलला, दाराच्या कडीला, सगळ्याला खोबरेल घालतो, म्हणून मी पण घातलं. थंडीत खोबरेलाचा दगड होतो, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या सकाळी खटका दाबला तो अडकून बसला. स्कूटर थांबेना. लंगरच्या, म्हणजे आमच्या फौजी स्वयंपाकघराच्या, मागं बटाट्याची पोती रचली होती, त्यांत घुसलो. साहेबांना सांगितलं, गाडीतच दोष आहे. उस्तादांनी केबल काढून नाकाला लावली आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, गाडी गेली आपली. उस्तादांनी काढून घेतली नाही. म्हणाले, ज्याला आपली चूक कुठं झाली ते समजलंय, त्याला उतरवून नवा माणूस कशाला बसवू? तो पुन्हा पहिल्यापासून चुकेल.

आत्या, तू पॅड स्वतः बदललेस. माझ्याकडं चार पोरं आहेत शिकणारी, त्यातल्या दोघांना अजून येत नाहीत. मी तुला उतरवायला निघालो होतो. चुकलं माझं.

या महिन्याच्या फोनची दोन मिनिटं सर्जेरावांना दिली, नाही म्हणून कळवलं. लाल बटणाचं पण सांगितलं, माफी मागून. ते म्हणाले, बाईंना विचारा, कॅम्पवर पोरांना शिकवायला येतील का. तुझं तू ठरव.

तांबड्या तुझा. मी फक्त सुट्टीला येऊन फिरेन, परवानगी मिळाली तर. हिवाळ्यात बॅटरी उतरते, रोज चालवत असशील तर काळजी नाही. एअर फिल्टर धुळीनं भरतो, महिन्याला झटक. आणि पुढच्या पोळ्याला खांदेमळणी कर, पण तूप फक्त सीटला लाव.

सुट्टी मंजूर झाली. २७ तारखेला दुपारपर्यंत तुझ्या दारात.

शिवराज


(दाराच्या कडीला खोचलेली चिठ्ठी)

२७ नोव्हेंबर २०२५

शिवा,

आलास का. दाराला कुलूप नाय, नुसती कडी हाय. हात-पाय धू, हंड्यात ऊन पाणी हाय. पिशवी आत ठेव. गोठ्यात डोकवू नको, तिथं कोणी नाय. किल्ली बी शोधू नको, माह्याकं हाय.

मी वर हाय. ह्यांच्या वाकड्या झाडाला शेवटची चार फळं ठेवलीत तुह्यासाठी, मल्हारीला सुद्धा हात लावू दिला नाय. आज डोळे उघडलेत त्यांचे, उद्या पाखरं खातील.

तू चालत ये. तू डोंगरातला माणूस, तुला ह्या टेकडीचं काय. खुंटीवर जुनं हेल्मेट नाय, ते मी घातलंय. तुह्यासाठी नवं आणलंय, कणगीवर हाय, ते संगं घेऊन ये. उतरताना माह्या मागं बसायचं. खटक्याला हात लावायचा नाय, उतारावर बोलायचं नाय, माह्या खांद्याला धरून अंग मागं ठेवायचं. नीट बसलास तर परवा विहिरीपर्यंत तुह्या हातात देईन.

भाकरी, पिठलं अन् ठेचा वर घेऊन आले. आज आवतन घे, जेवायला ये.

आत्या